संपणारे खेळ आणि न संपणारे

जुन्या व्हिडिओ गेमबद्दल आज जितकं बोललं जातं, तितके ते खेळले जात नाहीत. निन्टेन्डोने नोव्हेंबर २०१६मध्ये आपल्या आठ-बिटी यंत्राची तळहातावर मावणारी प्रतिकृती काढली, आत ३० गेम भरून. ती दुकानांत आली आणि बघता बघता संपली. तिची नक्कल करणाऱ्या स्वस्त डब्या आपल्याकडे ऑनलाइन दुकानांत आजही मिळतात, शेकडो गेमच्या जाहिरातीसकट. हौसेने त्या घेतो बहुधा चाळिशीतला बाप. 'मारिओ'च्या पहिल्या दोन स्टेज होतात, 'कॉन्ट्रा'तला धबधबा चढून होतो आणि मग डबी कपाटात जाते. 'आमच्या वेळच्या गेमची मजाच वेगळी' हे वाक्य मात्र बाहेरच राहतं, आणि त्यावर मुलाचं ठरलेलं उत्तर असतं: 'बाबा, ग्राफिक्स बघा ना.'

हा वाद गेली वीस-पंचवीस वर्षं याच दोन वाक्यांत अडकलेला आहे. जुन्या गेममध्ये कला होती, नव्यांत नुसता झगमगाट आहे, असं एक पक्ष म्हणतो. जुनं ते फक्त आठवणींमुळे गोड लागतं, असं दुसरा. मला दोन्ही म्हणणी अपुरी वाटतात. जुन्या गेममधली कला खरीच होती, पण ती हरवलेली नाही. आज ती अनेक ठिकाणी अधिक शहाण्या हातांत आहे. बदलला आहे तो खेळणारा आणि खेळ विकणारा यांच्यातला व्यवहार. आपल्याला चुटपुट लागते ती त्याची.

आधी कलेचं पाहू. निन्टेन्डोचं ते मूळ आठ-बिटी यंत्र, फॅमिकॉम, जुलै १९८३मध्ये जपानात आलं. त्याचा प्रोसेसर सुमारे १.७९ मेगाहर्ट्‌झचा, कामाची मेमरी दोन किलोबाइट. पडद्यावर एका वेळी हलणारे तुकडे जास्तीत जास्त ६४, आणि त्यांतले एका आडव्या ओळीत फक्त आठ. नववा आला की काहीतरी दिसेनासं होई. गर्दीच्या वेळी शत्रू लुकलुकायचे ते यामुळे. १९८५चा 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा अख्खा गेम ४० किलोबाइटचा आहे. रोज सकाळी व्हॉट्सअॅपवर येणारं 'शुभ सकाळ'चं चित्रही बहुतेक वेळा याहून जड असतं. एवढ्याशा जागेत गेम बसवण्यासाठी किती काटकसर केली असेल, ते आकाशातल्या ढगांकडे आणि जमिनीवरच्या झुडपांकडे नीट पाहिलं की कळतं. दोन्हींचा आकार एकच आहे, फक्त रंग बदललेला. मारिओला मिशी आहे, कारण इतक्या थोड्या ठिपक्यांत तोंड काढणं जमत नव्हतं. टोपी आहे, कारण केस काढणं त्याहून कठीण.

काटकसर म्हणजे कला नव्हे. कला दिसते ती त्याच गेमच्या पहिल्या अर्ध्या मिनिटात. मारिओ पडद्याच्या डावीकडे उभा, तोंड उजवीकडे, पुढे मोकळी जागा. कुठे जायचं हे सांगावं लागत नाही. पुढून एक रागीट चेहऱ्याचा प्राणी चालत येतो. त्याला नुसतं टेकलात तरी मेलात, पण इतक्या लवकर मेल्याने गमावत काहीच नाही. वर प्रश्नचिन्हाची चौकट लकाकते. तिला डोकं मारलं की अळंबी निघते, उजवीकडे घरंगळते, पाइपला आपटून परत तुमच्याच अंगावर येते. ती नुकत्याच भेटलेल्या शत्रूसारखी दिसते, म्हणून नवखा खेळाडू बिचकतो. पण डोक्यावर विटांची ओळ असल्याने उडी मारून सुटका होणं अवघड. अळंबी अंगाला लागते आणि मारिओ मोठा होतो. एक अक्षर न लिहिता खेळाडूला चालणं, मरणं, मारणं, बक्षीस ओळखणं हे सगळं शिकवून झालेलं असतं. शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी केलेली ही रचना आजही गेम शिकवणाऱ्या वर्गांत समजावून सांगितली जाते.

यंत्राचं दुबळेपण कधी कधी परस्पर कामालाही येई. तोमोहिरो निशिकादो यांच्या १९७८च्या 'स्पेस इन्व्हेडर्स'मध्ये शत्रू कमी होत जातात तसे उरलेले वेगाने सरकतात, आणि खेळणाऱ्याचा श्वास वर होतो. मुळात हे घडलं ते काढायला आकृत्या कमी उरल्या की प्रोसेसरचं काम हलकं होई म्हणून. निशिकादोंनी ते तसंच राहू दिलं. 'मारिओ'च्या संगीतकाराजवळ, कोजी कोंदो यांच्याजवळ, आवाजाच्या मोजून पाच वाटा होत्या. खेळाडूने उडी मारली की तिचा आवाज त्यांतलीच एक वाट क्षणभर घेई, म्हणून चाललेल्या सुरावटीतला एक पदर तेवढ्यापुरता गळायचा. ती चाल मनात ठसली त्यात आपल्या उड्यांचाही हात होता.

हा सगळा खेळ घरातल्या जाडजूड टीव्हीशी बांधलेला होता. 'डक हंट'ची बंदूक घ्या. तिच्यातून काहीच सुटत नसे. चाप ओढला की क्षणभर पडदा काळा व्हायचा आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटायचा. बंदुकीच्या नळीत बसवलेला डोळा तो उजेड टिपायचा. आधीच्या काळ्या क्षणी उजेड दिसला तर नेम बाद, त्यामुळे दिव्यावर बंदूक रोखणाऱ्याची चलाखी चालत नसे. हे गणित पिक्चर ट्यूबच्या वेगावर बसवलेलं आहे. एलईडी टीव्ही चित्र दाखवण्याआधी त्यावर प्रक्रिया करतो, त्याला उशीर होतो, आणि जुनी बंदूक त्याच्यासमोर आंधळी ठरते. तीच गत चित्रांची. सेगाच्या १९९१च्या 'सॉनिक'मधला धबधबा जुन्या टीव्हीवर पारदर्शक दिसे, कारण उभ्या रेघा साध्या केबलमधून येताना एकमेकींत मिसळत. आजच्या लख्ख पडद्यावर त्या नुसत्या रेघाच दिसतात. जुना गेम नव्या टीव्हीवर लावून 'आता तशी मजा येत नाही' म्हणणाऱ्याला निदान काही अंशी तांत्रिक आधार आहे.

महाराष्ट्रातल्या आठवणींना आणखी एक पदर आहे. १९८३चं जपानी यंत्र आपल्या घरांत पोचलं ते नव्वदीच्या दशकात, आणि बहुतेक घरांत नक्कल म्हणूनच: 'सामुराई', 'लिटल मास्टर', 'मीडिया' अशा नावांनी. एका कॅसेटवर '९९९९ इन वन' असं छापलेलं असे आणि आत मोजून काही डझन गेम. पुढचे सगळे तेच, कुठे तिसऱ्या स्टेजपासून सुरू होणारे, कुठे जादा लाइफ दिलेले. पुष्कळ गेमच्या पहिल्या पडद्यावरून कंपनीचं नाव खरवडून काढलेलं असायचं. माहितीपुस्तिका क्वचितच मिळे, म्हणून 'डक हंट'मध्ये दुसऱ्या रिमोटने बदक उडवता येतं ही गंमत फार थोड्यांना कळली. नामको, कोनामी, हडसन ही नावं कानावर न पडताच एक पिढी 'टँक', 'कॉन्ट्रा', 'बॉम्बरमन' खेळत मोठी झाली. कर्त्याचं नाव नसलेली कला आपल्याला नवी नाही. पण इथे नाव परंपरेने नव्हे, चोरट्या बाजाराने पुसलं. आपल्या स्मरणरंजनात म्हणूनच गल्ली आहे, मित्र आहेत, उन्हाळ्याची सुट्टी आहे. गेम करणाऱ्याबद्दलचं कुतूहल मात्र नाही. आपल्याकडे गेमची समीक्षा रुजली नाही, याचं हे एक कारण असावं.

आठवणी काय काय झाकतात तेही पाहायला हवं. जुन्या गेमचा जो अवघडपणा आज मर्दुमकीसारखा सांगितला जातो, त्यातला बराचसा हिशेबी होता. पार्लरमध्ये तुम्ही लवकर मेलात तरच पुढचं नाणं पडणार. घरच्या कॅसेटमध्ये मजकूर तासाभराचा. तो महिनाभर पुरवायचा तर खेळाडूला पुन्हा पुन्हा पहिल्या पायरीवर आणणं भाग होतं. वर-वर-खाली-खाली हा 'कॉन्ट्रा'त ३० लाइफ देणारा कोड मुळात 'ग्रेडियस'साठी बनवला तो कोनामीच्या काझुहिसा हाशिमोतो यांनी, कारण तपासणी करताना त्यांना स्वतःलाच तो गेम पार करता येईना. आणि टाकाऊ माल तेव्हाही ढिगाने होता. अटारीचा १९८२चा 'ई. टी.' पाचेक आठवड्यांत उरकलेला. न खपलेल्या कॅसेट न्यू मेक्सिकोतल्या आलामोगोर्दो इथे कचऱ्यात गाडल्या गेल्या, त्या २०१४मध्ये खणून काढल्या. चाळणीतून उरलेल्या दहा-वीस उत्तम गेमची तुलना आपण आजच्या सगळ्या बाजाराशी करतो, तेव्हा निकाल आधीच ठरलेला असतो.

नव्याची मिळकत खरी आहे. 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' (२०१७) करताना निन्टेन्डोने कल्पना पारखण्यासाठी आधी पहिल्या 'झेल्डा'सारखा सपाट नमुना बनवला, आणि मग दिसेल त्या डोंगरावर चढू देणारं जग उभं केलं. 'सेलेस्ट' (२०१८) दिसायला आठ-सोळा बिटी काळाचा, पण कड्यावरून पाऊल सुटल्यावरही काही क्षण उडी मारू देतो. ज्याला झेपत नाही त्याला वेग कमी करण्याची मुभा देतो, आणि ती घेतल्याबद्दल हिणवत नाही. लुकास पोप यांच्या 'रिटर्न ऑफ द ओब्रा दिन'मध्ये (२०१८) चित्रं जुन्या मॅकिन्टॉशसारखी, दोन रंगांची. पण जहाजावरच्या ६० जणांचं काय झालं हे तर्काने शोधण्याचा असा डाव १९८५मध्ये कुणी मांडला नव्हता. 'द लास्ट ऑफ अस पार्ट टू'मध्ये (२०२०) दृष्टी, श्रवण, हालचाल यांत अडचण असलेल्यांसाठी साठाहून अधिक सोयी आहेत. जुन्या सोनेरी दिवसांत ही माणसं खेळाबाहेर बसलेली होती, याची आठवण फारसं कुणी काढत नाही.

मग बिघडलं कुठे? जुनी कॅसेट एकदा घेतली की तिचा बनवणाऱ्याशी संबंध संपत असे. ती तुमच्याकडे पुन्हा पैसे मागत नव्हती, रोज हजेरी लावा म्हणत नव्हती. राजकन्या सुटली की खेळ संपला. आज सर्वाधिक पैसा मिळवणारे गेम असे आहेत की ते संपणं त्यांना परवडत नाही. दर मोसमाला नवा पास, पात्राचे नवे कपडे, आत काय आहे हे विकत घेतल्यावरच कळणाऱ्या पेट्या. बेल्जियमच्या जुगार नियामकाने २०१८मध्ये अशा पेट्या जुगारात मोडतात असं ठरवलं, ते उगाच नाही. या गेममधली कारागिरी कमी दर्जाची नसते. मारिओच्या अळंबीवर जितका विचार झाला, तितकाच इथेही होतो; पण खेळाडूने उद्या परत यावं कसं, यावर.

आणि जो खेळ स्वतः संपत नाही, तो एके दिवशी कंपनी संपवते. युबीसॉफ्टचा 'द क्रू' २०१४चा. एकट्याने खेळायचं म्हटलं तरी त्याला सर्व्हर लागे. ३१ मार्च २०२४ला सर्व्हर बंद झाले आणि पैसे मोजून घेतलेली तबकडी निरुपयोगी झाली. सोनीचा 'कॉन्कॉर्ड' २३ ऑगस्ट २०२४ला आला आणि ६ सप्टेंबरला उतरवला गेला. 'द क्रू'च्या निमित्ताने उभ्या राहिलेल्या 'स्टॉप किलिंग गेम्स' मोहिमेच्या युरोपीय याचिकेवर दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. त्यांची मागणी फुकट गेमची नाही, विकलेला गेम चालण्याजोगा ठेवून जा एवढीच आहे.

जुने गेमही अमर नाहीत. 'झेल्डा'च्या कॅसेटमधली खेळ जपून ठेवणारी बॅटरी कधीतरी मरतेच. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या २०२३च्या पाहणीनुसार अमेरिकेत २०१०पूर्वी आलेल्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळतच नाहीत. पण त्यांच्या चिपमधला मजकूर उतरवून ठेवता येतो, आणि हौशी मंडळींनी, कायद्याच्या कडेकडेने, तो ठेवलाही आहे. सर्व्हरवर राहणाऱ्या खेळाचं अर्धं शरीर खरेदीदाराच्या घरी कधी आलेलंच नसतं. ते कंपनीच्या मर्जीशिवाय परत जुळवायचं म्हणजे फार मोठी खटपट.

आपल्याकडे तर फोन हाच कन्सोल. सप्टेंबर २०२०मध्ये सरकारने 'पब्जी मोबाइल'वर बंदी घातली, तेव्हा पोरांनी मिळवलेलं सगळं एका आदेशाने अडकून पडलं. पुढच्या वर्षी तो 'बीजीएमआय' होऊन परतला. त्याच २०२०मध्ये पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने 'राजी' हा गेम आणला. राक्षसांनी पळवलेल्या भावाला शोधत निघालेली मुलगी, मधूनमधून छायाबाहुल्यांसारखी उलगडणारी कथा. त्यातली लढाई पुढे पुढे एकसुरी होते आणि शेवट फार अचानक येतो, हे म्हणायलाच हवं. पण तो चार-सहा तासांत पुरा होतो, त्याला कर्ते आहेत, त्यांना बऱ्या-वाईटाचा जाब विचारता येतो. मराठीत गेमची समीक्षा सुरू करायची तर अशा गेमपासून करावी.

त्या समीक्षेने ग्राफिक्सचा आणि आठवणींचा वाद बाजूला ठेवून प्रत्येक गेमला दोन प्रश्न विचारावेत. हा खेळ कुठे तरी पुरा होतो का? आणि वीस वर्षांनी कुणाची परवानगी न घेता तो उघडता येईल का? या कसोटीवर 'मारिओ'च्या शेजारी 'सेलेस्ट' आणि 'ओब्रा दिन' सहज बसतात. जुनं-नवं हा भेदच उरत नाही. बाद होतात ते आजचे काही सगळ्यांत श्रीमंत गेम. त्यांच्याबद्दल २०४५मध्ये कुणाला लिहायचं झालं, तर बहुधा यूट्यूबवरचे व्हिडिओ पाहून लिहावं लागेल. आणि न खेळता लिहिलेली गेमची समीक्षा ही शेवटी ऐकीव माहितीच.