गंडा इशींचा, धनुष्य इंग्लंडचे

अमेरिकेत हाताने लाकडी धनुष्ये करणाऱ्या मंडळींना तुमचा मूळपुरुष कोण, असे विचारले तर बहुतेकांच्या तोंडी एकच नाव येते – इशी. याही जमातीचे हे गृहस्थ 29 ऑगस्ट 1911 रोजी उत्तर कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिलबाहेर, एका कत्तलखान्याच्या आवारात उपाशीपोटी सापडले. सोन्यामागून आलेल्या वसाहतवाल्यांनी त्यांची जमात कापून काढली होती. आल्फ्रेड क्रोबर आणि थॉमस वॉटरमन या मानववंशशास्त्रज्ञांनी त्यांना सॅन फ्रान्सिस्कोत विद्यापीठाच्या संग्रहालयात आणले. पुढची साडेचार वर्षे ते तिथेच राहिले, झाडलोट केली आणि रविवारी लोकांसमोर बाणांची टोके घडवली. स्वतःचे नाव त्यांनी कधीच कुणाला सांगितले नाही. इशी हे नाव क्रोबर यांनी दिलेले.

संग्रहालयाला लागूनच वैद्यकीय महाविद्यालय होते. तिथले शल्यचिकित्सक सॅक्स्टन पोप इशींचे डॉक्टर झाले, मित्र झाले आणि शेवटी शागीर्दही. इशींकडून पाहून-शिकून घेतलेले सगळे पोप यांनी 1918 साली ‘याही आर्चरी’ या प्रबंधात नोंदवले. धनुर्विद्येवरच्या लिखाणात इतक्या जवळून पाहिलेला दस्तऐवज क्वचितच सापडतो. धनुष्य जेमतेम चार फुटांचे, डोंगरी जुनिपरच्या फांदीचे. लांबी ठरवायची ती अंगाच्या मापाने: हात आडवा पसरून बोटांपासून पलीकडच्या कमरेपर्यंत. लाकूड वाळूच्या दगडावर घासून तासायचे. मग हरणाच्या पायातल्या कंडरा दातांनी चावून मऊ करायच्या, त्यांचे तंतू सुटे करायचे आणि सामन माशाची कातडी उकळून केलेल्या सरसाने ते धनुष्याच्या पाठीवर थरांनी बसवायचे. दोरीही कंडरांचीच, पीळ देऊन वळलेली. ताण सुमारे 40 पौंड. बाण हेझलच्या काडीचा, टोक ऑब्सिडियन या ज्वालामुखी काचेचे. शहरात ऑब्सिडियन मिळेना, तेव्हा बाटलीची काचसुद्धा चालली.

धनुष्याला इशी जिवंत मानत. दोरी चढवून ठेवले किंवा उभे टेकवले तर ते दमते, त्याला घाम फुटतो. म्हणून आडवे निजवायचे, कुणी ओलांडायचे नाही, पोरांनी हात लावायचा नाही. यातल्या निम्म्या गोष्टी कोणताही लाकडी धनुष्य करणारा आजही पाळतो. चढवून ठेवलेले लाकूड वाकते, जोर गमावते. उरलेल्या निम्म्या श्रद्धेच्या, आणि त्या पोप यांनी हसण्यावारी नेल्या नाहीत, हे त्यांचे मोठेपण.

पण इशी 25 मार्च 1916 रोजी क्षयाने गेले, आणि शागिर्दाने उचलले ते भलतेच. संगीतात एखाद्याने एका घराण्याचा गंडा बांधावा आणि मैफल दुसऱ्याच गायकीची करावी, तसे पोप यांचे झाले. संग्रहालयांतली देशोदेशींची धनुष्ये ओढून त्यांनी मापे घेतली, पल्ले मोजले, आणि स्वतःसाठी यू झाडाचे इंग्रजी लाँगबो पसंत केले; जवळजवळ माणसाच्या उंचीचे आणि 70 पौंडांच्या वर ताणाचे. 1923 साली आलेले त्यांचे ‘हंटिंग विथ द बो अँड अॅरो’ हे पुस्तक वाचून हजारो अमेरिकनांनी रंधा हातात घेतला. त्यात इशींची गोष्ट अगत्याने आहे, पण वाचकाला करून पाहायला दिलेले धनुष्य इंग्रजी वळणाचे. धनुर्विद्येच्या अमेरिकन पुनरुज्जीवनाचा पायाच असा दुहेरी आहे.

पुढचा प्रवास झपाट्याचा. भौतिकशास्त्रज्ञ क्लॅरेन्स हिकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गणित मांडून दाखवले की इंग्रजी गोलसर छेदापेक्षा चपटा, आयताकृती छेद सरस. मग फायबरग्लास आले आणि लाकूड आतल्या गाभ्यापुरते उरले. 1969 साली होलेस विल्बर अॅलन यांना कप्प्यांच्या कंपाउंड धनुष्याचे पेटंट मिळाले, आणि हाताने घडवलेले धनुष्य हौशी माणसांचे वेड ठरले.

ते वेड परत धंद्याला लागले 1988 नंतर. त्या वर्षी पॉल कॉमस्टॉक यांनी ‘द बेंट स्टिक’ मध्ये सांगितले की यूसाठी रडत बसू नका. अॅश, एल्म, हिकरी अशा साध्या लाकडांचेही रुंद पात्यांचे धनुष्य उत्तम चालते. 1992 पासून ‘द ट्रॅडिशनल बोयर्स बायबल’ चे खंड निघू लागले. त्यांतले टिम बेकर यांचे लेख प्रयोगशील, बेधडक आणि गुरुवाक्याला न बधणारे आहेत. लांब धनुष्यावर कंडरा चिकटवण्यातून फारसा फायदा नाही. तुटण्याआधी खूप ताणली जाणारी ही वस्तू आखूड धनुष्यातच खरी कामाला येते, हा त्या वर्तुळाचा निष्कर्ष रास्तच आहे. परंतु त्यामुळे आखूड, कंडरा लावलेले धनुष्य प्रगत कारागिराच्या हौसेचा विषय बनले. सरस वाळायला आठवडे लागतात आणि दमट हवेत कंडरा ढिली पडते, ही कारणे आहेतच. नवशिका पहिले धनुष्य करतो ते साडेपाच फुटी हिकरीचे. इशींचे तो पोटभर वाचतो.

शिकारीची रीत तरी टिकली का? अर्धवट. धनुष्य अंगासमोर तिरके धरून, दोरी अंगठ्याने ओढून, सावजाच्या जवळ सरपटत जाऊन मारणे ही इशींची पद्धत. ‘पोप अँड यंग क्लब’ 1961 पासून धनुष्याने केलेल्या शिकारींचे विक्रम नोंदवतो. कंपाउंडच्या शिकारीही त्यात बसतात. नावात पोप आहेत, त्यांचे शिकारसोबती आर्ट यंग आहेत, गुरू नाहीत. कायदाही जवळिकीचे नव्हे, पल्ल्याचे माप लावतो: कॅलिफोर्नियात शिकारीसाठी धनुष्य वैध ठरते ते बाण 130 यार्ड फेकता आला तर.

इशींच्या स्मरणाचाही हिशेब एकदा मांडायला हवा. पोप यांच्या मैत्रीचा गोडवा सांगणारे इशींच्या शवविच्छेदनाची गोष्ट सहसा गाळतात. ते करू नका, असे क्रोबर यांनी परगावाहून कळवले होते. पत्र उशिरा पोचले. शवविच्छेदनात काढलेला इशींचा मेंदू स्मिथसोनियन संस्थेकडे गेला, अनेक दशके तिथेच राहिला आणि 2000 साली रेडिंग रँचेरिया व पिट रिव्हर या जमातींच्या स्वाधीन झाला. पुरातत्त्वज्ञ स्टीव्हन शॅकली यांनी इशींची बाणटोके तपासली, तेव्हा ती याहींपेक्षा शेजारच्या विंटू, नोमलाकी लोकांच्या घडणीशी जुळली. म्हणजे इशी कदाचित मिश्र घरात किंवा शेजाऱ्यांकडे शिकले असावेत. ‘शेवटचा शुद्ध रानमाणूस’ या चित्राला हा मोठा तडा आहे. धनुष्य करणाऱ्या मंडळींनी तो दडपू नये, उलट आनंदाने मिरवावा: त्यांचे आजोबाही दुसऱ्यांकडून घेऊन, मिसळून काम करणारे कारागीर होते. आणि पुढच्या वेळी कुणी जुनिपरची फांदी तासायला घेईल, तेव्हा त्याने पोप यांच्या 1923 च्या पुस्तकाआधी 1918 चा प्रबंध उघडावा.