तीन परक्यांच्या साक्षीने

पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये लढलेल्या भारतीय सैनिकांची पत्रे बहुधा इतिहासाच्या दालनातच राहिली. डेव्हिड ओमिसी यांनी संपादित केलेल्या 'इंडियन व्हॉइसेस ऑफ द ग्रेट वॉर' (१९९९) या संग्रहामुळे ती सहज उपलब्ध झाली. तथापि राजनिष्ठा, मनोधैर्य यांचा पुरावा म्हणूनच त्यांचा अधिक उपयोग झाला. पत्नीला उद्देशून असलेली त्यांतील थोडी पत्रे मात्र वाङ्मयीन प्रश्न उभा करतात: या खासगी संहितेचा लेखक कोण आणि वाचक कोण?

पत्रवाङ्मयाची रूढ कल्पना 'मी' आणि 'तू' या दोन ध्रुवांवर उभी आहे. येथे ती टिकत नाही. बहुसंख्य सैनिक निरक्षर होते. ते सांगत आणि लिहिता येणारा लिहून घेई. गावी तेच पत्र दुसरा कोणी वाचून दाखवी. १९१४ च्या अखेरीपासून त्यांत सेन्सॉरची भर पडली. पती-पत्नींच्या संवादाला असे तीन परके साक्षी होते.

म्हणूनच या पत्रांतील ठरीव क्षेमकुशल, वडीलधाऱ्यांना नमस्कार, घरची विचारपूस यांना साचेबंद म्हणून बाजूला सारणे अन्यायाचे ठरते. चारचौघांत बोलणाऱ्याला संकेत हाच आडोसा असतो. भावना शब्दांत नव्हे, तर विचारपुशीच्या क्रमात आणि वाक्य जेथे थांबते तेथे शोधावी लागते. सेन्सॉरची जाणीव सैनिकांना पुरेपूर होती. भारतीय सैनिकांसाठी 'काळी मिरी' आणि गोऱ्यांसाठी 'लाल मिरची' असे सांकेतिक शब्द त्यांच्या पत्रांत आढळतात. प्रतिमा येथे अलंकार म्हणून येत नाही, गरज म्हणून येते.

अर्थात या वाचनाला मर्यादा आहे. सेन्सॉरने निवडलेले उतारे मुख्यत्वे इंग्रजी अनुवादातच उरले आहेत. ज्याने संवादात व्यत्यय आणला त्यानेच तो जतन केला, हा यातील उपरोध. परिणामी शब्दकळेविषयी ठाम विधान करता येत नाही. रचनेविषयी करता येते. तसेच प्रत्येक मौनात प्रेमच दडले आहे असे मानणे हा समीक्षकाचा भाबडेपणा ठरेल. काही मौने केवळ थकव्याची असतील, काही भीतीची.

मराठी समीक्षेला हा पेच अगदी अपरिचित नाही. जात्यावरच्या ओवीतही रचना परंपरेची, शब्द अनेकींचे, दुःख मात्र गाणाऱ्या एकीचे असते. ओवीला जो न्याय दिला तो या पत्रांना नाकारण्याचे सबळ कारण दिसत नाही. स्वहस्ताक्षर आणि एकांत यांनाच आत्मीयतेची अट मानली, तर निरक्षरांच्या आत्मीयतेला वाङ्मयात जागाच उरत नाही. ही पत्रे त्या अटीचाच फेरविचार करायला लावतात.