बॉब नावाचा रोबर्तो

पिट्सबर्गमध्ये नोकरीची दोन वर्षं काढली, तेव्हा मी बेसबॉल शिकलो तो मैदानावर कमी आणि पुठ्ठ्यावर जास्त. तिथला संघ पायरेट्स. वर्ल्ड सिरीज शेवटची जिंकली 1979 मध्ये, म्हणजे माझ्या जन्माच्याही बरीच वर्षं आधी. अशा संघावर जीव जडला की माणूस भूतकाळात राहायला जातो, आणि बेसबॉलमध्ये भूतकाळाचा पत्ता म्हणजे खेळाडूंची कार्डं. पुढे चित्र आणि नाव, मागे आकडे किंवा जाहिरात. शाळेत ट्रम्प कार्डं खेळलेल्याला ही मांडणी समजावून सांगावी लागत नाही.

या कार्डांवर जे लिहिलं जातं ते बहुतेक किमतीबद्दल असतं. मला ती मजकूर म्हणून वाचावीशी वाटतात. पायरेट्सची तीन कार्डं शेजारी ठेवली तर प्रत्येकात कुणीतरी कशाला तरी ‘नाही’ म्हटलेलं दिसतं. मात्र बाजार त्यांपैकी प्रत्येक नकार ऐकतोच असं नाही.

पहिलं कार्ड होनस वॅग्नरचं. अमेरिकन टोबॅको कंपनीने 1909 ते 1911 या काळात सिगारेटच्या पाकिटांतून वाटलेल्या संचातलं. आकार काडेपेटीपेक्षा थोडा मोठा, नारिंगी पार्श्वभूमी, आणि छातीवर ‘पिट्सबर्ग’ हे नाव शेवटच्या एचशिवाय. ती छपाईची चूक नाही. 1891 ते 1911 या काळात सरकारदरबारी शहराच्या नावातला एच काढून टाकलेला होता. वॅग्नरचं कार्ड छापणं लवकरच थांबलं. मुलांनी तंबाखू विकत घ्यावी हे त्याला पटत नव्हतं, असं एक स्पष्टीकरण. चेहरा वापरायचे पैसे हवे होते, हे दुसरं. कारण कुठलंही असो, नकार त्याचा होता. आज त्या कार्डाच्या साठच्या आसपास प्रती माहीत आहेत, आणि 2022 मध्ये एक प्रत 72 लाख 50 हजार डॉलरला विकली गेली. ज्या माणसाला आपला चेहरा असा विकला जायला नको होता, त्याचाच चेहरा सर्वांत महाग विकला जाणाऱ्यांत जाऊन बसला. बाजाराने नकार पचवला आणि त्याचीच किंमत केली.

तिसरं कार्ड आधी घेतो, कारण ते पहिल्याचं उलटं रूप आहे. पॉल स्कीन्स हा गोलंदाज (बेसबॉलमध्ये पिचर) 2024 च्या मे महिन्यात पायरेट्सकडून पहिला सामना खेळला. त्या दिवशी त्याच्या बाहीवर असलेलं कापडी चिन्ह कापून, त्याच्या सहीसह, टॉप्स कंपनीने एका कार्डात बसवलं. प्रत एकच. ते लॉस एंजेलिसकडच्या एका अकरा वर्षांच्या मुलाला नाताळात मिळालेल्या पाकिटात सापडलं. संघाने कार्डाच्या बदल्यात तीस वर्षांची सीझन तिकिटं देऊ केली. कुटुंबाने नाही म्हटलं, आणि 2025 च्या मार्चमध्ये लिलावात त्याचे 11 लाख 10 हजार डॉलर आले. मी त्या मुलाला दोष देत नाही. पण वॅग्नरचं कार्ड दुर्मीळ झालं ते एका माणसाच्या हट्टामुळे, आणि स्कीन्सचं दुर्मीळ म्हणूनच बनवलं गेलं. मी दिवसभर कोड लिहितो. ‘कमाल संख्या = 1’ ही ओळ लिहायला किती सोपी असते ते मला ठाऊक आहे. त्यात गोष्ट नाही, फक्त अट आहे.

मधलं कार्ड रोबर्तो क्लेमेंटेचं, आणि माझा जीव तिथे अडकलाय. तो पोर्तो रिकोतल्या कॅरोलिना गावचा. टॉप्सने 1955 साली त्याचं पहिलं कार्ड काढलं, त्यावर नाव ‘रोबर्तो’ असंच होतं. 1957 पासून मात्र ते ‘बॉब’ झालं, आणि साठच्या दशकाच्या अखेरीपर्यंत तसंच राहिलं. अमेरिकी जिभेला सोपं म्हणून. त्याला ते आवडत नव्हतं आणि त्याने ते लपवलंही नाही. वार्ताहर त्याचं इंग्रजी उच्चारांसकट मोडकंतोडकं छापत, त्याचाही त्याला राग होता. पुढे हॉल ऑफ फेममधल्या त्याच्या फलकावर वडिलांचं आणि आईचं आडनाव उलट्या क्रमाने कोरलं गेलं. ते दुरुस्त व्हायला 2000 साल उजाडलं.

त्याचा नकार वॅग्नरपेक्षा लहान नव्हता. पण वॅग्नरच्या नकाराने प्रती कमी झाल्या, क्लेमेंटेच्या नकाराने एकही कमी झाली नाही. ‘बॉब’ छापला जात राहिला. म्हणून बाजाराला तो ऐकूच येत नाही. कार्डांना एक ते दहा गुण देणाऱ्या कंपन्या कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि चित्र मधोमध आहे का ते पाहतात. नाव बरोबर आहे का, हा रकाना नाही. आणि जे पाहतात तेही दरवेळी दिसतंच असं नाही. वॅग्नरच्या एका प्रसिद्ध प्रतीला दहापैकी आठ गुण मिळाले होते. तिच्या कडा आपणच कापल्या होत्या, हे तिच्या एका जुन्या विक्रेत्याने 2013 मध्ये न्यायालयात कबूल केलं.

माझ्याकडे साठच्या दशकातला एक ‘बॉब’ आहे. कोपरे झिजलेले, मधोमध घडीची रेघ. बाहेरच्या एका जेवणाच्या पैशांत मिळाला. दुकानदार म्हणाला, प्लास्टिकच्या पेटीत सीलबंद करून घे, निदान आणखी बिघडणार नाही. मी तयारही झालो होतो, अर्ज भरला होता. अर्जात खेळाडूचं नाव कार्डावर छापलंय तसं लिहायचं होतं. मी ‘बॉब’ टाइप केलं, आणि पुढचं बटण काही दाबलं नाही.

हा काही मोठा निषेध नाही. पुढेमागे पैशांची गरज पडली तर मीही कार्ड विकेन. पण संग्राहक म्हणजे जपणारा, असं आपण समजतो, आणि जपणं म्हणजे वस्तू आहे तशी ठेवणं. इथे आहे तशी ठेवायची तर चूकही जपावी लागते. मग ती चूक आहे हे सांगणारा कुणीतरी सोबत हवा. पेटी ते काम करत नाही.

क्लेमेंटे 31 डिसेंबर 1972 ला गेला. भूकंपग्रस्त निकाराग्वाला मदत घेऊन निघालेलं त्याचं विमान समुद्रात कोसळलं. कारकिर्दीतले त्याचे हिट्स बरोबर 3000 राहिले. त्याआधी वर्षभर, 1971 ची वर्ल्ड सिरीज जिंकल्यावर, टीव्हीच्या कॅमेऱ्यासमोर तो आधी स्पॅनिशमध्ये आईवडिलांशी बोलला होता.

हे कार्ड कुणाला दाखवताना मी आधी त्याचं खरं नाव सांगतो. मगच कार्ड हातात देतो, आकडे वाचायला.