त्या जास्तीच्या ‘इट’चं काय करायचं?

गेल्या वर्षी मी कैरोच्या एका मुलाची व्हिडिओ कॉलवर मुलाखत घेतली. कोड त्याने छान लिहिला. बोलताना मात्र ‘द सिस्टीम विच आय बिल्ट इट’, ‘माय मॅनेजर व्हेरी बिझी’, ‘द लाइफ इज हार्ड’ असं चालू होतं. फॉर्मवर मी शेरा मारला: कम्युनिकेशन कच्चं. त्याची निवड झाली नाही.

त्यानंतर काही दिवसांनी अहदाफ सुएफ यांची ‘द मॅप ऑफ लव्ह’ ही १९९९ची कादंबरी हातात आली. सुएफ कैरोत जन्मल्या, भाषाशास्त्रात पीएचडी केली आणि कादंबऱ्या इंग्रजीत लिहिल्या. या कादंबरीत अमल ही इजिप्शियन बाई इझाबेल या अमेरिकन मुलीला अरबी धातू समजावून सांगते. क़-ल-ब ही तीन व्यंजनं. त्यातून क़ल्ब, म्हणजे हृदय. त्यातूनच इन्क़िलाब, म्हणजे उलथापालथ. मोर्चातला आपला ‘इन्किलाब’ तो हाच! अशा जागी सुएफ इंग्रजीला अरबीपुढे थोडं वाकायला लावतात, आणि वाचक खूश होतो.

माझी तक्रार इथेच आहे. ही अरबी सुंदर आहे, म्हणून ती इंग्रजीत शोभते. त्या जास्तीच्या ‘इट’मध्ये शोभण्यासारखं काय आहे?

मी मुलाखतीचं रेकॉर्डिंग पुन्हा ऐकलं आणि जोडीला अरबी व्याकरण चाळलं. ‘मी वाचलेलं पुस्तक’ हे अरबीत ‘अल-किताब अल्लदी क़रअतुहू’. शेवटचा ‘हू’ म्हणजे ‘ते’. अशा वाक्यात तो गाळला तर वाक्य लंगडं वाटतं. त्या मुलाचा ‘इट’ तिथून आला होता. ‘तो इंजिनियर आहे’ हे अरबीत नुसतं ‘हुव मुहंदिस’. वर्तमानकाळात ‘आहे’ लागतच नाही. भूतकाळात ‘कान’ लागतं, आणि रेकॉर्डिंगमध्ये त्याने ‘वॉज’ एकदाही गाळला नव्हता. ‘आयुष्य’ अशा अमूर्त शब्दाआधीही अरबीत ‘अल’ येतो, म्हणून ‘द लाइफ’. मी ज्याला गबाळेपणा समजलो, तो शिस्तीचा माणूस होता. फक्त शिस्त दुसऱ्या घरातली होती.

आणि माझं घर? मराठीत आर्टिकलच नाही, त्यामुळे तो ‘द’ जास्तीचा लावतो तर मी लागणारा विसरतो. ‘आजच’ म्हणायचं असलं की माझ्या तोंडून ‘टुडे ओन्ली’ निघतं. ऑफिसात शेजारी बसणाऱ्या सगळ्यांच्याच तोंडून निघतं, म्हणून ते कुणाला खटकत नाही. एवढाच काय तो फरक.

कादंबरीत याचं उत्तर आहे, पण ते धातूंच्या प्रसंगात नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ॲना ही इंग्रज विधवा आणि शरीफ हा इजिप्शियन वकील प्रेमात पडतात, लग्न करतात. दोघं एकमेकांशी बोलतात फ्रेंचमध्ये. ती ना तिची, ना त्याची. त्यामुळे चूक काढण्याचा हक्क कुणा एकाकडे जात नाही. दोघांनाही शब्द शोधावे लागतात. मला हा कादंबरीतला सगळ्यात धाडसी निर्णय वाटतो. धातूंची गंमत वाचकाला अरबीचं कौतुक करायला शिकवते. फ्रेंच मात्र विचारते, की भाषेचा मालक कोण?

त्या कॉलवर इंग्रजी आम्हा दोघांनाही परकीच होती. तरी मी घरमालकासारखा वागलो. तो फॉर्म आता बदलता येत नाही. हल्ली त्या रकान्यात शेरा लिहिण्याआधी मी स्वतःला विचारतो: मला कळलं नाही असं तो नेमकं काय बोलला? त्या दिवसापुरतं उत्तर आहे: काहीच नाही. मला सगळं कळलं होतं.