बैलगाडीवरील उपग्रह : एका छायाचित्राची साक्ष

भारतीय अवकाशसंशोधनाविषयी कोणी काही लिहावयास बसला की मजकुराच्या शेजारी एक छायाचित्र पुष्कळदा छापले जाते : साधी लाकडी बैलगाडी, तिच्यावर ठेवलेला 'ॲपल' नावाचा उपग्रह, आणि पुढे जुंपलेला बैल. पाहणाऱ्यास प्रथम हसू येते, मग त्याचा ऊर अभिमानाने भरून येतो. परंतु दोन्ही वेळा त्याची समजूत एकच असते. गरीब देशापाशी मोटार नव्हती, म्हणून उपग्रह बैलगाडीने ओढून नेला! ह्या चित्राचे ऐतिहासिक मोल ठरवावयाचे तर ही समजूत प्रथम दूर सारली पाहिजे, असे आम्हांस वाटते.

ॲपल हा भारताने प्रयोगादाखल बांधलेला दळणवळण-उपग्रह. वजन सुमारे ६७० किलोग्रॅम. त्याच्या अँटेनाची परीक्षा उघड्या मैदानात घ्यावयाची होती. अँटेनातून निघालेल्या लहरी जवळच्या धातूवर आपटून परततात, मूळ लहरींत मिसळतात आणि मोजमाप बिघडवितात. लोखंडी वाहनावर उपग्रह ठेवला असता तर अँटेनाबरोबर त्या वाहनाचीही परीक्षा होऊन बसली असती. म्हणून चुंबकीय बाधा न आणणारे आसन हवे होते, आणि ते लाकडी गाडीच्या रूपाने हाताशी होते. सारांश, येथे गाडी हे वाहन नव्हे, परीक्षेच्या सामग्रीतील ती एक वस्तू होय. उपग्रह पुढे दक्षिण अमेरिकेतील फ्रेंच गयानात कुरू येथे गेला आणि १९ जून १९८१ रोजी युरोपच्या 'एरियान' अग्निबाणाने आकाशात चढला. तेथवर काही बैल गेले नाहीत!

आता अडचण अशी की, चित्रातील प्रत्येक वस्तू खरी असूनही हा खुलासा चित्रात कोठेच नाही. लहरी तर कोणत्याच कॅमेऱ्यास दिसत नाहीत. आमचे इतिहाससंशोधक बिनमितीच्या पत्रास जितका मान देतात तितकाच ह्या चित्रास, ते एकटे असता, देता येईल. चाचणीची हकीकत जोडली की मात्र तेच चित्र प्रथम प्रतीचा पुरावा ठरते : साधनांच्या तुटवड्याचा नव्हे, तर साधनांची निवड करणाऱ्या बुद्धीचा.

ह्याच्या जोडीला नेहमी थुंब्याचे दुसरे चित्र ठेवतात. सायकलवर अग्निबाणाचे टोक आहे आणि माणसे ते चालवीत नेत आहेत. चित्र म्हणून ते निःसंशय सरस. कारण टिपणारे आंरी कार्तिए-ब्रेसाँ होते. येथे मात्र सायकल हे खरोखरच वाहन आहे, आणि पहिल्या दिवसांतील ओढग्रस्तीची साक्ष हे चित्र प्रामाणिकपणे देते. परंतु २१ नोव्हेंबर १९६३ च्या पहिल्या उड्डाणाचे म्हणून ते वारंवार छापले जाते, ही गफलत आहे. चित्र १९६६ मधील आहे. १९६३ साली उडाला तो अमेरिकेहून आलेला 'नायके-अपाची' अग्निबाण. तीन वर्षांच्या ह्या फरकाला क्षुल्लक म्हणणाऱ्याने इतिहासाच्या वाटेस जाऊ नये.

दोन्ही चित्रे एकाच माळेत ओवल्याने काय होते, ते २०१४ साली दिसले. मंगळयानाच्या यशानंतर 'न्यू यॉर्क टाइम्स'ने गाय घेऊन आलेला शेतकरी श्रीमंत राष्ट्रांच्या मंडळाचे दार ठोठावीत आहे, असे व्यंगचित्र छापले. पुढे त्या पत्रास दिलगिरी व्यक्त करावी लागली. आपल्याकडे संताप झाला, तो योग्यच होता. पण बैलगाडीचे चित्र 'पाहा, आम्ही कोठून कोठे आलो' अशा ओळीखाली आपणच छापतो, तेव्हा त्या व्यंगचित्रकाराच्या समजुतीला आपणच दुजोरा देतो, हे कोणाच्या ध्यानी येत नाही. संपादकांस आमची विनंती एवढीच की, ह्या चित्राखाली 'अँटेनाच्या चाचणीचा प्रसंग' हे तीन शब्द छापावेत. त्यास जागा फारशी लागत नाही.