गंबो मिळून येतो तेव्हा

अमेरिकेतल्या लुईझियाना राज्यातल्या न्यू ऑर्लिन्समध्ये गंबोचा, म्हणजे तिथल्या दाट रश्श्याच्या कालवणाचा, वाडगा पुढ्यात आला की डोळे आधी कोळंबी-खेकड्यांवर जातात. या पदार्थाची खरी कसोटी मात्र रश्श्यात आहे. तो चमच्याला किती धरून राहतो, कसा ओघळतो, जिभेवर किती रेंगाळतो, ते पाहावं. रस्सा दाट करण्याच्या तीन रीती लुईझियानाला तीन वेगवेगळ्या समाजांनी दिल्या, आणि गंबोची सारी लज्जत त्यांच्या जुळणीत आहे.

पहिली रीत फ्रेंचांची. रू म्हणजे स्निग्धात भाजलेलं गव्हाचं पीठ. फ्रान्समध्ये ते लोण्यात, बहुधा फिकट रंगावरच थांबवतात. लुईझियानात तेल किंवा चरबी घेऊन, मंद आचेवर न थांबता हलवत ते शेंगदाण्याच्या रंगावरून थेट चॉकलेटी होईपर्यंत नेतात. पीठ जितकं गडद, तितका त्यातला स्टार्च तुटतो आणि रस्सा आळवण्याची ताकद घटते. म्हणजे दाटपणा खर्चून खमंगपणा कमवायचा. करपल्याचा एक काळा ठिपका दिसला तरी सगळं टाकावं लागतं. म्हणून नेमक्या क्षणी कांदा, सेलरी आणि ढोबळी मिरची आत पडते आणि भाज्यांच्या पाण्याने पुढचं भाजणं जागच्या जागी रोखलं जातं. फ्रेंच परतणीतल्या गाजराच्या जागी ढोबळी मिरची घेतलेलं हे त्रिकूट तिथे ‘होली ट्रिनिटी’ म्हणून ओळखलं जातं. चव देणारी भाजी आचेलाही लगाम घालते, ही योजना किती नेटकी!

दुसरी रीत पश्चिम आफ्रिकेची. 1719 मध्ये तिथून गुलामांची पहिली जहाजं लुईझियानात पोचली, आणि त्या माणसांच्या स्वयंपाकातली भेंडी इथे रुजली. भेंडीची तार मोडायला आपण आमसूल, चिंच किंवा ताक घालतो. गंबोला तीच तार हवी असते, पण मापात. चांगली स्वयंपाकीण भेंडी आधी वेगळी परतून तिचा बुळबुळीतपणा आटोक्यात आणते, मग रश्श्यात इतकी शिजवते की फोडी जवळजवळ विरून जातात. उरतो तो रेशमी गुळगुळीतपणा. दोष मानल्या गेलेल्या गुणाचं असं सोनं करायला फार जाणता हात लागतो.

तिसरी रीत मूळनिवासी चॉक्टॉ लोकांची. सॅसाफ्रास झाडाची पानं वाळवून केलेली बारीक पूड, म्हणजे फिले. ती पातेलं खाली उतरवल्यावर किंवा थेट वाडग्यात घालतात, कारण उकळी लागली की रश्श्याला तंतू सुटतात. भेंडी आणि फिले सहसा एकत्र येत नाहीत. ताजी भेंडी उन्हाळ्याची, तर वाळवणाची पूड हिवाळ्याची सोय. शेवटच्या चिमटीने रस्सा आळतो आणि ओल्या रानाचा मंद वासही चढतो. एवढ्याशा पुडीत संपूर्ण ऋतूची बेगमी साठवलेली असते.

रश्श्यात काय पोहतं, त्यावरून गाव ओळखावं. न्यू ऑर्लिन्सच्या शहरी, क्रिओल म्हणवल्या जाणाऱ्या गंबोत मेक्सिकोच्या आखाताची कोळंबी, खेकडे, कालवं आणि कधी टोमॅटो. 1755 पासून ब्रिटिशांनी कॅनडाच्या किनाऱ्यावरून हाकललेल्या अकेडियनांच्या वंशजांचा, म्हणजे केजनांचा गंबो अधिक काळसर, बिनटोमॅटोचा, कोंबडी आणि धुरावलेल्या आंदुई सॉसेजचा. आंदुईचं नाव फ्रेंच, पण तिच्यासाठी नावाजलेलं लाप्लास गाव 1720 च्या दशकात जर्मन शेतकरी जिथे वसले त्या मिसिसिपीकाठच्या पट्ट्यातलं. तिचा धूर भाजक्या पिठाच्या कडवटपणाशी असा जुळतो की दोन्ही एकाच चुलीतून निघाल्यासारखे वाटतात.

या सगळ्याखाली मोकळा भात असतो. त्याची शेतीही पश्चिम आफ्रिकेतल्या जाणत्यांनीच इथे उभी केली. त्याच वारशातल्या, न्यू ऑर्लिन्समधल्या डूकी चेस रेस्टॉरंटच्या लीआ चेस (1923–2019) यांनी 1960 च्या दशकात, वंशभेदाचे कायदे झुगारून, नागरी हक्कांच्या काळ्या-गोऱ्या कार्यकर्त्यांना एका टेबलावर बसवून गंबो वाढला. त्यांच्या कितीतरी पिढ्या आधी, मालकांच्या स्वयंपाकघरांत फ्रेंच रू, चॉक्टॉंची पूड आणि स्वतःची भेंडी यांचा मेळ बसवणारे हात मुख्यतः गुलाम आफ्रिकी स्त्रियांचे होते. त्यांची नावं बहुतेक कुठे लिहिली गेली नाहीत. गंबोला मिळणारी प्रत्येक दाद आधी त्यांची आहे.