दिशाभूल करणारा इशारा : लिनक्स कर्नलमधील दोन संदेशांची अर्थमीमांसा

संगणकाच्या कार्यप्रणालीने दिलेला इशारा हाही एक लिखित पाठच असतो. तो कुणाला उद्देशून आहे आणि त्याचा अर्थ कोणत्या शब्दशक्तीने घ्यावयाचा, हे प्रश्न त्यालाही लागू पडतात. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये आरंभिलेल्या लिनक्स कर्नलमधील दोन संदेश या दृष्टीने तपासण्याजोगे आहेत.

पहिला संदेश प्रिंटरला आग लागल्याचे सांगतो. वस्तुतः प्रिंटरकडून दोषाचा संकेत आला, पण कागद संपलेला नाही आणि प्रिंटर जोडलेलाही आहे, अशा वेळी तो उमटतो. दोषाचे कारण कर्नलला ठाऊकच नसते. जाणकारांच्या लेखी ही लक्षणा होय. परंतु मम्मटाने लक्षणेसाठी मुख्यार्थबाध आवश्यक मानला आहे. यंत्राला आग लागणे असंभव नसल्याने अनभिज्ञ वाचकाच्या ठिकाणी हा बाध घडतच नाही. तो वाच्यार्थच खरा मानून बसतो. विनोद म्हणून हा संदेश नावाजला गेला असला, तरी इशारा म्हणून तो फसलेला आहे.

दुसरे उदाहरण अधिक गंभीर आहे. प्रोसेसरला रोखून न धरता येणारा, म्हणजे 'नॉन-मास्केबल', इंटरप्ट आला आणि त्याचे कारण कळले नाही, तर कर्नल तशी नोंद करून पुढे विचारी : वीजबचतीची एखादी विचित्र व्यवस्था चालू आहे काय? हे वाक्य आय-३८६ च्या काळातले. प्रत्यक्षात अशा इंटरप्टमागे सदोष फर्मवेअर, नादुरुस्त हार्डवेअर अशी नाना कारणे असतात. वीजबचतीशी त्यांचा संबंध क्वचितच येतो. तरीही प्रश्न वाचकाला तिकडेच वळवीत राहिला. विधान चुकीचे असेल तर ते खोडता येते. प्रश्नाने सुचविलेला अर्थ मात्र वाचक आपलाच तर्क समजतो. २०२२ मध्ये ही ओळ काढून टाकण्यात आली. आपण गोंधळलो आहोत, पण पुढे चालण्याचा प्रयत्न करीत आहोत, हे त्यामागून येणारे वाक्य मात्र राखले गेले. ते थट्टेचे वाटले तरी त्यात अज्ञानाची प्रामाणिक कबुली आहे. म्हणून ही निवड योग्यच म्हटली पाहिजे.

ग्नोम, केडीई यांसारख्या दर्शनी आवरणांचे मराठीकरण झाले. कर्नलचे संदेश इंग्रजीतच राहिले. परतूरसारख्या तालुक्याच्या गावी मराठी मेनू वाचणाऱ्या लिपिकापुढे नेमक्या संकटाच्या क्षणी परकी भाषा येते, आणि तीही आलंकारिक. भाषांतराची मागणी रास्तच आहे. परंतु वीजबचतीचा तो प्रश्न निर्दोष मराठीत आला असता, तरी लिपिकाने शोध चुकीच्याच जागी घेतला असता.